कर्णबधिर मुलाला वाचतं करताना: मुंबईतल्या पालकांसाठी

पहिल्या भेटीत बहुतेक पालक मुलाची वही पुढे करतात. अक्षर मोत्यासारखं, कुठे खाडाखोड नाही. मी त्यातलंच एखादं वाक्य बोटाने दाखवते, ‘ताईने चेंडू टेबलाखाली ठेवला’, चेंडू हातात देते आणि करून दाखव म्हणते. मूल माझ्याकडे बघतं, आईकडे बघतं, पेन्सिल उचलतं आणि तेच वाक्य खाली आणखी एकदा, तितक्याच सुंदर अक्षरात लिहून देतं.

ऐकू येणारं मूल पहिलीत बसतं तेव्हा पाच-सहा वर्षांची मराठी त्याच्या पदरी असते. भांडणं, लाड, शेजारणीच्या गप्पा, टीव्हीवरच्या जाहिराती, सगळं कानावरून गेलेलं असतं. बाईंनी फळ्यावर ‘आई’ लिहिलं की त्याला फक्त ओळखीच्या शब्दाचं रूप शिकायचं असतं. कर्णबधिर मुलांपैकी दहातली नऊ तरी ऐकणाऱ्या घरात जन्मतात. घरातली भाषा त्यांच्या कानांपर्यंत पुरती पोचत नाही आणि खुणांची भाषा घरात कोणाला येत नाही. अशा मुलापुढे बाराखडी ठेवली की ते ती चित्रासारखी उतरवून काढतं. म्हणून क्रम असा धरा: आधी भाषा, मग त्याच्याच दिवसातून काढलेला मजकूर, मग पुस्तक. बाराखडी मध्ये कुठेतरी येईलच, तिची घाई नको.

तपासणी आणि कागदपत्रं

नवजात बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि श्रवणयंत्र व प्रशिक्षणाची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत, हा जगभर मानला जाणारा हिशेब. प्रत्यक्षात आपल्याकडे ‘याचे काकाही उशिरा बोलले’ म्हणत दोन-अडीच वर्षं जातात. शंका आली त्या आठवड्यात जा. ओएई ही चाळणी चाचणी काही मिनिटांची. पक्क्या निदानासाठी बेरा. त्यात झोपलेल्या बाळाच्या कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवून आवाजाला मेंदूकडे जाणारी नस कसा प्रतिसाद देते ते मोजतात. थाळी वाजवली आणि बाळ वळलं, ही चाचणी नव्हे. थाळीचा हादरा आणि हलणारा हात दोन्ही त्याला कळतात.

मुंबईत वांद्रे रेक्लेमेशनला १९८३ सालापासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. वाक् आणि श्रवण या विषयांतली ही केंद्र सरकारची संस्था. तपासणी, श्रवणयंत्र, वाचाउपचार, पालकांना मार्गदर्शन हे सगळं तिथे एका छताखाली मिळतं. केईएम, सायन, नायर आणि जेजे या रुग्णालयांतही कान-नाक-घसा विभागात तपासणी होते. अंगणवाडीत किंवा महापालिकेच्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं तर कानाची शंका त्यांच्या कानावर जरूर घाला; त्यांच्या चिठ्ठीमुळे पुढचा रस्ता सोपा होतो.

श्रवणआलेख हातात आला की ‘किती टक्के?’ एवढंच विचारून उठू नका. आडव्या रेषेवर २५० ते ८००० हर्ट्झ असे खर्जापासून तारस्वरापर्यंतचे आवाज असतात, उभ्या रेषेवर डेसिबल. खूण जितकी खाली तितका मोठा आवाज लागतो. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. स्वर डावीकडे, खर्जात बसतात. ‘स’, ‘श’ उजवीकडे, वरच्या पट्टीत. डावीकडे बरं आणि उजवीकडे खूप खाली असा आलेख असेल तर मूल हाकेला वळेल, ‘आई’ म्हणेल, पण ‘बस’मधला ‘स’ त्याला कधीच भेटणार नाही. घरचे म्हणत राहतील की ऐकू येतं याला, लक्षच देत नाही. ऑडिओलॉजिस्टना, म्हणजे श्रवणतज्ज्ञांना सांगून यंत्र लावून काढलेला आलेखही मागा. मूल आज काय ऐकतंय ते त्यावरून कळतं.

युनिक डिसॅबिलिटी आयडी, म्हणजे यूडीआयडी कार्ड, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून लवकर काढून ठेवा. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यातल्या शिक्षणविषयक खास तरतुदी लागू होतात. कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा तुमच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. केंद्राच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेत श्रवणयंत्रं मिळतात, आणि लहान मुलांना कॉकलिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्रही. इम्प्लांटसाठी वयाची अट कडक आहे, पाच वर्षांच्या आतलं मूल, म्हणून विचार करायचा तर लवकर. शस्त्रक्रियेनंतर बाहेरचं यंत्र काही आठवड्यांनी चालू करतात आणि खरं काम त्या दिवशी सुरू होतं: वर्षानुवर्षांचा सराव. वायर, कॉइल, बॅटरी यांचा पुढचा खर्च कोण करणार, हे आधीच लेखी विचारून घ्या.

रोज सकाळी यंत्राची तपासणी

यंत्र कानावर आहे म्हणजे चालू आहे असं नाही. लहान मूल ‘बंद पडलं’ म्हणत नाही. त्याला शांततेची सवय असते. शाळेत निघण्याआधी हे करा.

बॅटरी टेस्टरने तपासा. झिंक-एअर बॅटरीचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग कप्प्यात घाला, जास्त टिकते. मोल्डच्या, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्याच्या नळीत पाण्याचे थेंब दिसले तर फुगा-ब्लोअरने उडवा. शिट्टी वाजत असेल तर मोल्ड सैल झालाय किंवा नीट बसलेला नाही. मूल वाढतं, तसा त्याचा कानही वाढतो. तान्ह्यांचे मोल्ड दर काही महिन्यांनी नवे करावे लागतात.

मग सहा आवाज: आ, ई, ऊ, म, श, स. मुलाच्या मागे उभं राहून, नेहमीच्या आवाजात, मध्ये कमी-जास्त थांबून म्हणा. ठरावीक तालात म्हटलं तर मूल अंदाजाने उत्तर देतं. तोंडासमोर हात धरू नका, आवाज बदलतो. आवाज आला की एक मणी डब्यात, असा खेळ ठेवा. थोडं मोठं झालं की आवाज ऐकून तोच म्हणून दाखवायला सांगा. काल ‘स’ला मणी पडत होता आणि आज नाही, तर त्याच दिवशी ऑडिओलॉजिस्टना फोन. हे आवाज मुद्दाम निवडलेले आहेत. खर्जापासून तारस्वरापर्यंत बोलण्याचा सगळा पट्टा त्यांत येतो.

पावसाळ्यात मुंबईची हवा यंत्राचा जीव घेते. जूनपासून रात्री यंत्र बॅटरी काढून सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ओल शोषून संपली ते दिसतं. तांदळाच्या डब्यात नको, पीठ आत जातं. ड्रायर नको, ऊनही नको. लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन आलात तर आधी यंत्र पुसा, मग मुलाचं तोंड.

खुणा की बोलणं?

हा वाद जुना आहे. १८८० साली मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी खुणांच्या भाषेला वर्गाबाहेर काढायचा ठराव केला, आणि त्याच दशकात मुंबईत माझगावला देशातली कर्णबधिरांची पहिली शाळा उभी राहिली. पुढची शंभर वर्षं ‘हात बांधा, ओठ बघा’ याच विचाराने आपल्याकडचे बरेच वर्ग चालले. अजूनही काही ठिकाणी पालकांना सांगतात की खुणा केल्या तर मूल बोलणार नाही. मला हे पटत नाही. खुणांमुळे बोलणं थांबत नाही. भाषाच नसली तर मात्र विचार, गणित, वाचन सगळं अडतं.

लवकर यंत्र लागलं, सहा आवाज स्पष्ट येतात, घरात कोणी दिवसभर बोलायला आहे, तर बोलण्यावर भर देऊन बघायला हरकत नाही. वर्षभरात शब्द वाढायला हवेत. दर तीन महिन्यांनी मुलाला समजणारे आणि वापरता येणारे शब्द लिहून काढा. आकडा हलत नसेल तर आणखी दोन वर्षं ‘बघू’ म्हणण्याइतका वेळ त्याच्याकडे नाही. भारतीय सांकेतिक भाषा तातडीने आणा. खरं तर दोन्ही बरोबर चालवणं सगळ्यांत सुरक्षित. इम्प्लांट झालेलं मूलसुद्धा आंघोळीच्या वेळी, जुहूच्या समुद्रात आणि बॅटरी संपल्यावर बहिरंच असतं.

शिकायचं कुठे? दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश मोफत उपलब्ध आहे. पण कोशातून भाषा येत नाही, माणसांतून येते. मोठ्या कर्णबधिर मुलांशी, कर्णबधिर तरुणांशी घरोबा करा. त्यांच्यातलं कोणी रविवारी घरी येऊन मुलाशी तासभर गप्पा मारून गेलं तर महिनाभराच्या शिकवणीचं काम होतं. मुलाला पहिल्यांदाच कळतं की आपल्यासारखी माणसं मोठी होतात, नोकरी करतात, चेष्टामस्करी करतात.

ओठवाचनावर सगळा भार टाकू नका. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणून बघा: पार, बार, भार, मार. ओठ चारही वेळा सारखेच. क, ख, ग, घ तर घशाजवळच होतात, दिसतच नाहीत. ओठांवरून मूल अंदाज करतं, आणि अंदाज करायला भाषा आधी यावी लागते.

घरात काय चाललंय ते त्याला सांगा

थेरपीचा तास आठवड्यातून एक-दोनदा. उरलेले दिवस घरचे. कर्णबधिर मुलाचं सगळ्यात मोठं नुकसान होतं ते कानावर सहज पडणाऱ्या बोलण्याचं. फोन आला, आई रडली, पिशव्या भरल्या, सगळे गावाला निघाले. ऐकणाऱ्या भावंडाला कळलेलं असतं की आजोबा आजारी आहेत. याला टॅक्सीत बसल्यावरही पत्ता नसतो.

म्हणून नियम: त्याच्यासमोर जे बोललं जाईल त्याचा सारांश त्याला मिळालाच पाहिजे. खुणेने, बोलून, चित्र काढून, जमेल तसं. ‘काही नाही, तुझ्या कामाचं नाही’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. बोलताना त्याच्या उंचीला या, उजेड तुमच्या तोंडावर असू द्या, मिक्सर आणि टीव्ही बंद, अंतर हातभर. श्रवणयंत्र जवळचा आवाज चांगला पकडतं. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत मारलेली हाक फुकट जाते. एका खोलीच्या घरात निदान हे अंतराचं सोपं असतं, गोंगाटाचं मात्र कठीण. शेजारचा स्पीकर आवाक्याबाहेरचा असेल तेव्हा खुणा कामी येतात.

एक गोष्ट ऐकणाऱ्यांना पटकन सुचत नाही. हे मूल डोळ्यांनी ऐकतं, म्हणून त्याला एका वेळी एकच बघता येतं. तुम्ही पोळी लाटता लाटता ‘बघ, गोल झाली’ म्हणालात तर त्याने पोळी बघायची की तुमचं तोंड? आधी बोला, थांबा, मग दाखवा, पुन्हा त्याची नजर वर येईपर्यंत गप्प राहा. हा ठेका अंगवळणी पडायला आठवडे लागतात.

अनुभवाची वही

विशेष शाळांत हे काम रोज ‘बातमी’ किंवा ‘संभाषण’ म्हणून चालतं. घरी ते आणखी चांगलं होतं, कारण बातमी घरातच घडते. दोनशे पानी, बिनरेघी वही घ्या. रोज एक पान, किंवा आठवड्यातून चार. पण ताज्या घटनेवर.

एका घरातलं उदाहरण. रविवारी वडिलांनी बोंबील आणले, सुरी शोधायला आत गेले आणि खिडकीतून आलेल्या मांजराने एक उचलून नेला. सात वर्षांच्या मुलीने ते पाहिलं आणि ती हात नाचवत आईकडे धावली. आता पहिलं काम म्हणजे गप्पा. कोण आलं? कुठून? बाबा काय करत होते? आजी का हसली? मुलीने खुणा आणि शब्द मिळून सांगितलं: ‘मांजर मासा घेतला पळाला. बाबा मार.’ मग चित्र. मुलीने खिडकी काढली, मांजराची शेपटी खिडकीबाहेर, बाबांचे डोळे बशीएवढे. आईने चित्राखाली लिहिलं:

मांजर खिडकीतून आले.
मांजराने एक बोंबील पळवला.
बाबा मांजरामागे धावले.
आजी खूप हसली.

आणि आईच्या तोंडाजवळ फुगा काढून त्यात: ‘अरे, खिडकी लावा ना!’

इथे तीन गोष्टी झाल्या. मुलीचं मोडकं वाक्य आईने वहीत उतरवलं नाही, त्याला लाल शाईही लावली नाही. तिला जे म्हणायचं होतं ते तिने धड मराठीत लिहून दाखवलं. ‘बाबा मार’ गळालं, कारण बाबांनी मारलं नव्हतं, तसं फक्त मुलीला वाटलं होतं; त्यावरही दोन मिनिटं बोलणं झालं. आणि निवेदन छापील वळणाचं, ‘आले’, पण फुग्यातलं बोलणं घरात बोलतो तसं. पाठ्यपुस्तकात ‘केले’, घरात ‘केलं’, हा घोळ ऐकणाऱ्या मुलाला कळतही नाही. कर्णबधिर मुलाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. फुगा आणि ओळ अशी वाटणी सुरुवातीपासून केली की गोंधळ टळतो.

पुढचे तीन-चार दिवस तेच पान. सोमवारी एकत्र वाचायचं, ओळीवर बोट, मग त्या ओळीची खूण किंवा अभिनय. मंगळवारी ओळी कागदाच्या पट्ट्यांवर लिहून ढीग करायचा आणि क्रम लावायला द्यायचा. बुधवारी एक पट्टी शब्दांत कापायची. गुरुवारी एक खोटी पट्टी सरकवायची: ‘आजीने एक बोंबील पळवला.’ मूल हसलं, डोळे मोठे केले, पट्टी फेकली, तर समजा वाचन झालं. त्या मुलीने आजीला पकडून आणून पट्टी तिच्या नाकासमोर धरली होती.

शंभर पानं भरली की ही वही घरातलं सगळ्यात आवडतं पुस्तक होते. पाहुण्यांना दाखवली जाते, मूल स्वतः उघडून बसतं. जुनं पान वाचताना ‘मांजर’ आणि ‘मांजराने’, ‘खिडकी’ आणि ‘खिडकीतून’ ही जोडी त्याच्या डोळ्यांत बसते. अक्षरं इथूनच वेगळी काढा: ‘मासा’मधला ‘म’, ‘मांजर’मधला ‘म’, ‘मामा’मधला ‘म’. ज्या मुलाला यंत्रातून आवाज नीट येतात त्याच्याबरोबर आवाज आणि अक्षर जोडा. ज्याला येत नाहीत त्याला शब्द आख्खा, खुणेसकट द्या.

वहीबाहेरचा मजकूर मुंबईत फुकट आहे. फलाटावरचा इंडिकेटर, बेस्टच्या बसवरची पाटी, दुकानांची नावं. रोज जाता-येता स्टेशनांचे फलक वाचत गेलेलं मूल ‘दादर’ आणि ‘परळ’ शाळेआधी वाचतं, कारण दादरला मामा राहतो आणि परळला दवाखाना आहे.

प्रत्यय: इथे थांबा

मराठी वाक्यात कोणी काय केलं हे शेपटं ठरवतात: ने, ला, चा, त, हून. बोलताना ती हळू, घाईत, शब्दाला चिकटून येतात. यंत्रातून तीच आधी हरवतात, ओठांवरही दिसत नाहीत. सांकेतिक भाषेत ती नसतात; तिथे हे काम जागा, दिशा आणि चेहरा करतात. त्यामुळे दहावीची मुलंही ‘मी शाळा जातो’ लिहितात. तक्ता पाठ करून घेण्याचा उपयोग होत नाही. प्रथमा-द्वितीया घोकलेली मुलंही तेच लिहितात.

करून दाखवा. दोन बाहुल्या किंवा काका आणि बाळ. पट्टी पहिली: ‘काकांनी बाळाला उचलले.’ काका उचलतात. पट्टी दुसरी: ‘बाळाने काकांना उचलले.’ आता बाळाने काकांचा पाय धरून जोर लावायचा. शब्द तेच, क्रम जवळजवळ तोच, हसू येतं ते शेपटांमुळे. ‘ने’, ‘नी’ नेहमी एका रंगात, ‘ला’, ‘ना’ दुसऱ्या रंगात लिहा, काही महिने तेच रंग ठेवा, मग सोडून द्या.

दुसरी अडचण क्रियापदाची. मुलगी असो की मुलगा, ‘आंबा खाल्ला’, ‘पोळी खाल्ली’, ‘केळे खाल्ले’. ऐकणाऱ्या मुलाला हे कोणी शिकवत नाही. इथे ताटात तिन्ही ठेवा, एकेक खायचं आणि तिन्ही पट्ट्यांतून बरोबर पट्टी उचलायची. एका वेळी एकच रचना, पंधरा दिवस. आंबे मे महिन्यात येतात, तेव्हा सुटीचा अभ्यासही होतो.

वाक्प्रचार तिसरी-चौथीत येतात आणि मुलं अडतात. ‘डोळा लागला’ वाचून कोणाचा डोळा कुठे लागला हे शोधतात. दर आठवड्याला एक घ्या, अभिनय करा, आणि घरातल्या सगळ्यांनी तो आठवडाभर वापरायचा. ‘पोटात कावळे ओरडतायत’ हे जेवायच्या वेळी म्हटलं तरच लक्षात राहतं.

गोष्टीचं पुस्तक वाचताना

मांडीवर घेऊन वाचलं की मुलाला तुमचं तोंड दिसत नाही. समोर किंवा कोपऱ्यात काटकोनात बसा. पुस्तक तुमच्या हनुवटीखाली धरा, म्हणजे चित्र, चेहरा आणि हात एकाच नजरेत येतात. आधी चित्र बघू द्या, मग सांगा. पहिल्या दिवशी मजकूर शब्दशः वाचूच नका, गोष्ट सांगा. दुसऱ्या दिवशी शब्द दाखवा, खूण करा, चित्रावर बोट ठेवा, पुन्हा शब्द. एकच पुस्तक पंधरा वेळा मागितलं तर पंधरा वेळा वाचा. कर्णबधिर आई-वडील हे न शिकवता करतात. खूण कधी हवेत, कधी पुस्तकाच्या पानावरच करतात. अशा घरात जायला मिळालं तर बारकाईने पाहा.

शाळा निवडताना

विशेष शाळा की नेहमीची शाळा, याला एकच उत्तर नाही. मुलाची भाषा वयाच्या दीड-दोन वर्षांपेक्षा मागे नसेल, यंत्राने बोलणं समजत असेल तर जवळची शाळा ठीक. भाषा खूप मागे असेल तर चांगल्या विशेष शाळेत दोन-चार वर्षं काढून मग बदल करता येतो. पण विशेष शाळेतही आधी एक पूर्ण तास वर्गात बसायची परवानगी मागा. मुलं एकमेकांशी आणि शिक्षकांशी खरंच बोलतायत की फळ्यावरचं उतरवतायत? शिक्षकांना सांकेतिक भाषा येते का? किती मुलांच्या कानावर यंत्रं आहेत आणि त्यांतली किती चालू आहेत? माध्यम कोणतं? घरी मराठी, शाळा इंग्रजी आणि शेजारी हिंदी असं त्रांगडं ऐकणारं मूल पेलतं. या मुलाला सुरुवातीला लिहिण्या-वाचण्याची एकच भाषा द्या, घरातली.

प्रवासाचा हिशेबही करा. कल्याणहून दादरला रोज येणारं मूल गाडीत जेवढा वेळ घालवतं त्या वेळात गप्पा होत नाहीत, गर्दीत हात हलवायलाही जागा नसते.

नेहमीच्या शाळेत घातलंत तर जूनमध्ये वर्गशिक्षकांना एक पानभर चिठ्ठी द्या. लांबलचक अहवाल कोणी वाचत नाही. त्यात एवढंच: दुसऱ्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवा, पंख्याखाली आणि रुळांच्या बाजूला नको. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, लिहा, वळा, मग बोला. ‘समजलं का?’ विचारू नका, ते ‘हो’च म्हणतं, ‘काय करायचंय सांग’ म्हणा. दुसऱ्या मुलाने दिलेलं उत्तर पुन्हा म्हणा. उद्याचा धडा आदल्या दिवशी कळवा, घरी त्याचे शब्द करून घेऊ. शिक्षकांच्या गळ्यात अडकवून त्यांचा आवाज थेट मुलाच्या यंत्रात पोचवणारा रिमोट माइक परवडत असेल तर गोंगाटाच्या वर्गात त्याचा फार उपयोग होतो. महापालिकेच्या शाळेत समग्र शिक्षा अभियानातल्या विशेष शिक्षकांची मदत मुख्याध्यापकांकडे मागा, लेखी मागा.

चौथीनंतर, आणि दहावीपर्यंत

आता धडे लांब होतात आणि मूल पुन्हा उतरवण्याकडे वळतं. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा, ती ओळ जशीच्या तशी लिहायची, पूर्ण गुण. हे फसवं आहे आणि शाळा त्यावर खूश असते. घरी आठवड्यातून एकदा खरी परीक्षा घ्या: कागदावर काम लिहून द्या. ‘फ्रिजमधून दोन लिंबे आण. एक आजीला दे. दुसरे माझ्या पिशवीत ठेव.’ लिंबं कुठे गेली त्यावरून समजतं. जमलं की वाक्य लांबवा, ‘आजी झोपली असेल तर उठवू नकोस’ घाला.

विज्ञान, इतिहासाच्या धड्याआधी त्याची गोष्ट खुणांनी किंवा चित्रांनी सांगा, मग वाचायला द्या. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं सांकेतिक भाषेत आणण्याचा करार २०२० साली झाला; ते व्हिडिओ आणि पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक टीव्ही वाहिन्यांतली ३१ क्रमांकाची वाहिनी यासाठी उपयोगी पडते. पुस्तक बालभारतीचं असलं तरी प्रकाशसंश्लेषण दोन्हीकडे तेच.

मूल दहा वर्षांचं झालं की त्याच्याशी व्हॉट्सअॅपवर लिहून बोला. व्हिडिओ कॉल सोपा वाटतो, पण लिहिण्याचं खरं कारण इथेच मिळतं. चुका सुधारत बसू नका. त्याने ‘मी उशीर येणार क्लास’ लिहिलं तर उत्तरात ‘क्लासमुळे तुला उशीर होणार का? किती वाजता येशील?’ लिहा.

दहावीच्या सवलती आयत्या वेळी मिळत नाहीत. राज्य मंडळाकडून वाढीव वेळ मिळतो, भाषा विषयांतही सूट घेता येते, पण अर्ज शाळेमार्फतच जातो. मुंबई विभागीय मंडळाचं कार्यालय वाशीला आहे. नववी सुरू होताच यूडीआयडी कार्ड, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि अलीकडचा श्रवणआलेख यांच्या प्रती मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या. भाषेची सूट घेण्याआधी पुढे मूल काय शिकणार आहे ते बघा, कारण सोडलेली भाषा अकरावीत किंवा नोकरीच्या अर्जात आडवी येऊ शकते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी करायची असेल तर तिथे भारतीय सांकेतिक भाषा हा विषय म्हणून घेता येतो. प्रवेशाच्या तारखा राज्य मंडळापेक्षा वेगळ्या असतात, त्या आठवीच्या सुटीतच बघून ठेवा.